पाण्यात राहून कोरडे

एप्रिल महिना. आपल्याकडे पंख्याखाली बसूनही घामाच्या धारा लागायचे दिवस. मी मात्र स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, ऑर्कनी बेटांजवळ एका बोटीवर कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर चढवून, चहाचा मग दोन्ही हातांत धरून बसलो होतो. ग्लासगोला नोकरी करणारा माझा भाचा त्याच पाण्यात तीस मीटर खाली होता. पाण्याचं तापमान सात अंश.

ही जागा म्हणजे स्कापा फ्लो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इथे अडकवून ठेवलेलं जर्मन आरमार २१ जून १९१९ रोजी त्याच्याच खलाशांनी बुडवलं. ७४ जहाजांपैकी ५२ तळाला गेली. पुढे बहुतेक भंगारासाठी वर काढली गेली. पण तीन मोठ्या युद्धनौका आणि चार क्रूझर अजूनही खाली आहेत. त्या पाहायला जगभरातून हौशी पाणबुडे येतात.

भाचा वर आला तेव्हा त्याला शिडीचा दांडा धरता येईना. दोघांनी ओढून वर घेतला. पट्ट्याचं बक्कल त्याच्या बोटांना सुटेना. पोशाख उतरवला तर डावी बाही आणि तिथून थेट बरगड्यांपर्यंतचे आतले कपडे ओलेचिंब. मी मग त्याच्या तोंडाशी धरला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मामा, थंडी नंतर वाजली. आधी डोकंच चालेनासं झालं. नळकांड्यात हवा किती उरलीय ते दोनदा बघितलं आणि दोन्ही वेळा विसरलो."

हे त्याच्या आईला काय सांगायचं, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

मुलगा नवशिका नव्हता. पहिली बुडी मालवणजवळ तारकर्लीला मारलेली, मग ब्रिटनमध्ये रीतसर शिक्षण. चुकला तो पोशाखात. ओळखीतून स्वस्तात मिळाला म्हणून दुसऱ्याचा वापरलेला 'ड्रायसूट', म्हणजे पाणी आत येऊ न देणारा कोरडा पोशाख, त्याने घेतला होता. पुढचा महिनाभर आमच्या फोनवर एकच विषय: आता कोणता घ्यायचा? एप्रिलमध्ये स्कॉटलंड आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडचा दक्षिण किनारा, दोन्हीकडे चालेल असा एकच पोशाख मिळतो का? मी पाणबुड्या नव्हे. पण त्याच्याबरोबर दुकानं पालथी घालताना आणि जुन्याजाणत्यांना विचारताना जे कळलं, ते घराघरांतल्या आईबापांना, मामा-मावश्यांना सांगावंसं वाटलं. परदेशी गेलेली आपली मुलं आता असलेही छंद करू लागली आहेत.

शरीराची शेगडी

भूगोलाच्या पुस्तकात या समुद्राला 'समशीतोष्ण' म्हणतात. शब्द मोठा फसवा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर भर ऑगस्टात पाणी जेमतेम सोळा-सतरा अंशांपर्यंत जातं आणि हिवाळा सरताना आठ-नऊवर येतं. स्कॉटलंडमध्ये त्याहून कमी. आपलं शरीर सदतीस अंशांची शेगडी, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. पंचवीस अंशांच्या हवेत आपण सुखाने सदऱ्यात फिरतो. तेवढ्याच पाण्यात तास-दोन तास राहिलो तर हुडहुडी भरते.

तारकर्लीच्या ऊबदार पाण्यात पातळ 'वेटसूट' पुरतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेला हा निओप्रीनचा पोशाख पाणी अडवत नाही. थोडं पाणी आत येतं आणि शरीर ते तापवतं. खरी ऊब देतात ती निओप्रीनमधल्या हवेची बारीक छिद्रं. पण सात-आठ अंशांच्या पाण्यात पाऊण तास काढायचा तर हे पुरत नाही.

थंडीचा पहिला घाव बोटांवर बसतो. मग विचारांवर. आणि तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. खोल पाण्यात दाबामुळे रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन विरघळतो; वर येताना तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. गारठलेल्या हातापायांत रक्त कमी फिरतं, म्हणून तो नीट निघत नाही आणि सांधे-मज्जातंतूंना इजा करणाऱ्या आजाराची शक्यता वाढते. सारांश, परतीच्या वाटेवर ऊब टिकणं ही चैन नव्हे, गरज आहे.

रेनकोटाचा वंशज

१८२३ साली ग्लासगोच्याच चार्ल्स मॅकिन्टॉश याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. त्यातून रेनकोट आला. पुढे १८३७ च्या सुमारास लंडनमध्ये ऑगस्टस सीबी याने तांब्याच्या शिरस्त्राणाला अंगभर जलाभेद्य पोशाख जोडला आणि गळ्यापासून पायापर्यंत कोरडा राहणारा पाणबुड्या जन्माला आला. आजच्या 'ट्रायलॅमिनेट' पोशाखाचं कापडही त्याच कुळातलं: दोन बाजूंना नायलॉन किंवा पॉलिएस्टर, मध्ये ब्युटिल रबर. पावसाळ्यात आपण अंगावर चढवतो त्या रेनकोटाचा हा दूरचा चुलतभाऊच.

बाजारात कोरड्या पोशाखाच्या मुख्य जाती दोन. पहिली निओप्रीनची: कापड स्वतःच ऊबदार आणि ताणणारं, अंगाला छान बसतं. पण त्यातली हवेची छिद्रं दाबाने चिरडतात. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे जिथे ऊब सर्वात जास्त हवी, नेमका तिथेच पोशाख पातळ होतो. कारखान्यातच आधी दाबून घट्ट केलेलं निओप्रीनही मिळतं. त्याची जाडी फारशी बदलत नाही आणि ते दणकट असतं, पण जड. दुसरी जात वर सांगितलेल्या तीन थरांच्या कापडाची. हे कापड स्वतः काहीच ऊब देत नाही. ते फक्त पाणी अडवतं.

भाच्याला हे ऐकून नवल वाटलं. "मग पैसे कशाचे द्यायचे?"

कवच एक, ऊब दुसरी

याचं उत्तर आपल्या आजीला ठाऊक होतं. थंडी वाढली की ती नवी जाड गोधडी शिवत बसत नसे. आहे त्या गोधडीखाली चादर वाढवायची. कोरड्या पोशाखातही ऊब असते ती आत घातलेल्या कपड्यांत अडकलेल्या हवेची. कवच तेच ठेवून आतला कपडा बदलायचा: ऑगस्टमध्ये पातळ लोकरीचा जोड, एप्रिलमध्ये त्यावर जाड अस्तराचा अंगरखा. एकच पोशाख अनेक ऋतूंना पुरवायचा तर जाड निओप्रीनपेक्षा पातळ कवच बरं, ते असं. शिवाय ते रात्रीत वाळतं, घडी लहान होते, विमानाच्या सामानात मावतं, आणि छिद्र पडलं तर शोधून ठिगळ लावणं सोपं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. हे कापड ताणत नाही, म्हणून पोशाख ढगळ शिवावा लागतो आणि पोहताना पाण्यात थोडा ओढतो. आणि पाणी आत शिरलंच तर निओप्रीन थोडीतरी ऊब राखतं, हे कवच जवळजवळ काहीच राखत नाही. उथळ पाण्यात, एकाच किनाऱ्यावर, बारा महिने तेच पोहणं असेल तर निओप्रीन घेणाऱ्याला कुणी वेडा म्हणणार नाही.

आतल्या कपड्यांचे दोन नियम. सुती बनियन अजिबात नको. घाम शोषून सूत गार पडतं. लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कृत्रिम कापड हवं. आणि कपडा जाड केला की आत हवा वाढते, माणूस वर तरंगू लागतो, म्हणून कमरेला शिसंही वाढवावं लागतं. कपडे बदलले की वजन पुन्हा तपासायचं. ऊब फुकट मिळत नाही. तिची किंमत शिशात मोजावी लागते.

पाणी शिरतं कुठून?

भाच्याच्या पोशाखाच्या कापडात काहीच खोट नव्हती. खोट होती मनगटात. त्याचं मनगट बारीक, आणि पोशाख शिवलेला जाड मनगटाच्या माणसासाठी. मूठ वळली की मनगटाच्या शिरा उठतात, त्यांच्या मध्ये पन्हळ तयार होते आणि त्या पन्हळीतून पाणी आत. दुकानात उभं राहून हे कळत नाही. तेव्हा विकत घेताना कापडापेक्षा माणूस आणि कापड जिथे भेटतात त्या जागा पाहाव्यात.

गळा आणि मनगटाच्या पट्ट्या लेटेक्सच्या, सिलिकोनच्या किंवा निओप्रीनच्या असतात. लेटेक्स बारीक मनगटाला उत्तम बसतं. पण तेल आणि उन्हाने कुजतं, फाटतं, आणि काहींच्या त्वचेला सोसत नाही. सिलिकोन मऊ, आणि कडीवर बसवलेलं असेल तर फाटल्यावर घरच्या घरी बदलता येतं. निओप्रीन टिकाऊ, पण माप चोख हवं. गळ्याची पट्टी नवी असताना आवळते. ती एकेक वळ्याने, बेताबेताने कापून सैल करतात. घट्ट सहन करत बसू नये. मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब येऊन भोवळ येऊ शकते.

चेन पाठीवर असेल तर लावायला सोबती लागतो. छातीवर तिरकी असेल तर स्वतःची स्वतः लावता येते. पितळी चेन मेणाने घासावी, आणि कोणतीही चेन करकचून दुमडू नये. ती बदलायचा खर्च मोठा, म्हणून जुना पोशाख घेताना प्रथम तीच पाहावी. बुटांत जाड मोजे घालूनही बोटं हलली पाहिजेत, पण जागा जास्त नको. तिथे हवा साठते.

आणि पोशाख घालून पाहायचा तो सर्वात जाड आतल्या कपड्यांसकट. उकिडवं बसावं, स्वतःला मिठी मारावी, हात मागे नेऊन नळकांड्याची तोटी सापडते का पाहावं. लग्नाचा सूट शिवताना शिंपी हात वर करायला लावतो ना, तसंच. फरक इतकाच, की इथे बाही तोकडी झाली तर तोटीपर्यंत हात पोचत नाही.

कपडा घेतला, विद्या?

उरली शेवटची आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट. कोरडा पोशाख म्हणजे अंगाभोवतीची हवेची पिशवी. खाली जाताना ती चिरडते आणि कापडाच्या घड्या कातडीला चिमटे घेतात. म्हणून छातीवरच्या झडपेतून थोडी थोडी हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते. डाव्या दंडावरच्या झडपेतून ती सोडावी लागते. नाही सोडली, तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो. हवा पायांकडे गेली तर पाय वर, डोकं खाली. तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि सुलटं होऊन हवा सोडायची. झडप उघडी अडकली तर हवेची नळी ताबडतोब उपसून काढायची. हे पुस्तक वाचून येत नाही. उथळ, शांत पाण्यात, जाणत्या शिक्षकासमोर पुन्हा पुन्हा करून हाताला वळण लावावं लागतं.

म्हणून भाच्याला मी एकच अट घातली: सगळे पैसे पोशाखात घालू नकोस. एक भाग आतल्या कपड्यांना, एक भाग शिकण्याला. त्याने खिशांची आणि रंगांची चैन सोडली. साधं तीन थरांचं कवच घेतलं, मनगटाला लेटेक्सच्या पट्ट्या लावल्या आणि शनिवार-रविवार शिक्षकाबरोबर कोलांट्या मारण्यात घालवले.

सप्टेंबरात तो पुन्हा स्कापा फ्लोला गेला. पाणी तेरा अंश. संध्याकाळी फोन आला. जहाजाबद्दल, तोफांबद्दल काहीतरी सांगेल म्हणून मी कान टवकारले. पण पहिलं वाक्य वेगळंच होतं.

"मामा, चेन उघडली आणि आत हात घातला. बाही कोरडी! आईला सांग."

तिला एप्रिलची हकिगत मी त्या दिवशी सांगितली. आधी बोलणी खाल्ली, मग चहा मिळाला.