हेड गॅस्केट: आधी फेस, मग दुकान

टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कशी कोंबतो, ते मागच्या भागात पाहिलं. ती हवा इंधनासह पेटल्यावर सगळा जोर झेलतं ते हेड आणि ब्लॉकच्या मध्ये दाबून बसवलेलं एक-दीड मिलिमीटरचं गॅस्केट. एकीकडे जळता वायू, शेजारी पाणी, त्याला लागून ऑइल. तिघांना आपापल्या हद्दीत ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

८० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर धरा. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा दाब साधारण ६० बारपर्यंत जातो, म्हणजे हेडला वर ढकलणारा जोर सुमारे तीन टन. कॉमन रेल टर्बो डिझेलमध्ये हाच दाब १५० बारच्या पुढे जातो आणि जोर साडेसात टनांवर. तोही एकाच सिलिंडरचा, आणि ३००० आरपीएमला मिनिटातून दीड हजार वेळा.

त्यात उष्णतेचा भाग वेगळाच. बहुतेक गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं आणि पुष्कळांचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं की त्याला ब्लॉकपेक्षा जवळजवळ ०.४ मिलिमीटर जास्त वाढायचं असतं. बोल्ट त्याला मोकळं वाढू देत नाहीत, पण जी काही सरकासरक होते ती गॅस्केटच्या अंगावर होते, गाडी तापेल आणि निवेल तितक्या वेळा.

आता हे खान्देशात आणा. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो ते कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आहे असं समजू. डिसेंबरातल्या सकाळी हवा १५ अंशांची, फरक ८० चा. मे महिन्यात जळगाव-धुळ्याची हवा ४५ अंशांची, फरक ५० चा. रेडिएटर तोच, पण कुवत तीन-अष्टमांशाने कमी. आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई. गाडीत सात वऱ्हाडी, टपावर सामान, एसी चालू आणि समोर चाळीसगावचा कन्नड घाट, नाहीतर शिरपूर ओलांडल्यावर बिजासन घाट. “गाडी तपी गयी ना भाऊ,” म्हणत ड्रायव्हर थांबतो, झाकण उघडतो आणि कुणाच्या तरी हंड्यातलं गार पाणी आत ओततो. हेड मुरगळतं ते बऱ्याचदा याच क्षणी. आठवड्याने ऑइल दुधाळ होतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि खापर गॅस्केटवर फुटतं.

मग मालक स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन म्हणतो, “सगळ्यात मजबूत द्या.” माझ्या मते हा प्रश्न दुकानात विचारायचाच नाही, कारण त्याचं उत्तर लेथवर मिळतं, जिथे हेडचा फेस, म्हणजे गॅस्केट टेकतं तो पृष्ठभाग, सपाट करून घेतात.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. जुनी जात ग्रॅफाइट किंवा फायबरची, सिलिंडरच्या तोंडाशी पत्र्याची कडी असलेली. त्याआधी तांबं आणि ॲस्बेस्टॉसची असायची. ती ॲस्बेस्टॉसच्या धोक्यामुळे मागे पडली. दुसरी जात मल्टी लेयर स्टीलची, गॅरेजच्या भाषेत एमएलएस. स्प्रिंग स्टीलचे तीन-चार किंवा अधिक पातळ पत्रे, त्यांच्यावर दाबून उठवलेले उंचवटे आणि वरून रबरी लेप. दाबाने हेड केसभर उचललं तरी उंचवटा स्प्रिंगसारखा मागोमाग उठतो आणि फट पडू देत नाही. टर्बोसाठी एमएलएसच चांगलं, यात वाद नाही. शुद्ध तांब्याची गॅस्केट शर्यतीच्या गाड्यांची. रोजच्या गाडीत त्यांच्या नादी लागू नये.

पण एमएलएस नखरेल असतं. ग्रॅफाइट मऊ, फेसवरचे ओरखडे ते पोटात घेतं. स्टील घेत नाही. त्याला फेसचा खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी लागतो. ग्रॅफाइटचं दुपटीच्या खडबडीतपणावरही भागतं. घाईघाईने फेस मारलेल्या हेडवर नख फिरवलं तर चर जाणवतात. अशा हेडवर महागडं एमएलएस बसवणं म्हणजे पैसे देऊन गळती विकत घेणं. जुनं गॅस्केट खरवडायला ग्राइंडरवर डिस्क लावून फिरवतात, तो प्रकार तर बंदच व्हावा. ॲल्युमिनियममध्ये डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. सरळ पट्टी आणि ०.०५ मिलिमीटरचं फिलर गेज घेऊन हेड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा, ब्लॉकही तसाच तपासा. मिस्त्री ब्लॉक तपासत नसेल तर आपण आठवण करायची. चांगला फेस मिळण्याची सोयच नसेल आणि त्या इंजिनाला कंपनीने ग्रॅफाइटचं गॅस्केटही दिलेलं असेल, तर मी तेच घेईन.

डिझेलमध्ये जाडीही निवडावी लागते. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या फेसच्या थोडा बाहेर डोकावतो. तो किती, हे डायल गेजने मोजायचं. स्कोडा ऑक्टेव्हियाचं उदाहरण घेऊ. ही गाडी २००१ पासून घाटापलीकडे, आपल्या शेजारच्या शेंद्र्यात जोडली जाऊ लागली. तिच्या १.९ टीडीआय इंजिनात पिस्टन ०.९१ ते १.०० मिलिमीटर बाहेर असेल तर एका भोकाची खूण असलेलं १.४५ चं गॅस्केट, १.१० पर्यंत दोन भोकांचं १.५३ चं, १.२० पर्यंत तीन भोकांचं १.६१ चं. या खुणा न पाहता हाताला लागेल ते बसवलं तर कॉम्प्रेशन तरी जातं, नाहीतर पिस्टन हेडवर आपटतो. शिवाय सपाट डिझेल हेडला फेस मारला की व्हॉल्व्ह तेवढे पिस्टनजवळ येतात. म्हणून या इंजिनाच्या हेडला फेस मारायची कंपनीची परवानगीच नाही. हेड वाकलं की बदला.

टर्बो पेट्रोलवाले वेगळाच उपाय करतात. रिमॅप करून बूस्ट वाढवायचा आणि कॉम्प्रेशन उतरावं म्हणून जाड गॅस्केट घालायचं. हिशेब करून पाहा. ४०० सीसीचा सिलिंडर, ७५ मिलिमीटर व्यास, कॉम्प्रेशन १० ला १. गॅस्केट अर्धा मिलिमीटर जाड केलं तर कॉम्प्रेशन ९.६ वर येतं. हाती लागलं एवढंच, आणि पिस्टन व हेडमधल्या चिंचोळ्या फटीत मिश्रण घुसळून निघायचं ते मात्र मंदावतं. त्याने नॉकिंग उलट वाढू शकतं, आणि पेट्रोल इंजिनात गॅस्केटचा खरा काळ नॉकिंगच असतं.

एक खोड आपल्याकडे बरीच दिसते. गॅस्केटवरची पाण्याची काही भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा लहान असतात, तेव्हा ‘माल चुकीचा आहे’ म्हणून ती पंचने मोठी केली जातात. ती मुद्दाम लहान ठेवलेली असतात. पाणी शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून वाटेतल्या भोकांतून ते मोजूनमापून वर सोडायचं असतं. भोक मोठं केलं की पाणी पंपाजवळूनच वर जातं आणि मागचा सिलिंडर भाजतो.

एमएलएस कोरडंच बसतं. त्यावर शेलॅक नको, चंदेरी रंग नको. बोल्ट ताणले जाणाऱ्या जातीचे असतील तर नवेच घ्या, आणि मधून कडांकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंच व कोनमापकाने आवळा. बोल्टच्या बंद भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर आधी फुंकून काढा; नाहीतर आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला चीर पडते.

हे सगळं नीट करूनही रेडिएटर क्षाराने अर्धा बुजलेला असेल तर नवं गॅस्केटही पुढच्या मे महिन्यात जाईल. बोअरचं पाणी त्या नळ्यांचं काय करतं, ते पुढच्या आठवड्यात.