सरकटा, आजी आणि ड्यूटी रूमची कडी

आमच्या घरात सिनेमा थिएटरमध्ये संपत नाही. तो गाडीत पुढे चालतो, जेवणाच्या ताटावर चालतो आणि कधीकधी दोन-दोन दिवस चालतो. 'स्त्री 2'च्या बाबतीत तेच झालं.

तारीख लक्षात आहे, कारण दुसऱ्या दिवशी राखी होती. रविवार, 18 ऑगस्ट 2024. मी इंदूरहून सुट्टी जोडून ग्वाल्हेरला घरी आलो होतो. आत्या वडोदऱ्याहून आली होती, तिचा नातू बरोबर होता, काका-काकू होते, आणि 84 वर्षांची आमची आजी "मला पण न्या, चंदेरी दाखवली आहे म्हणे" असं म्हणून सगळ्यांच्या आधी साडी नेसून तयार होती. माझी चुलत बहीण एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. ती येईल की नाही याची खात्री नव्हती. शेवटी आली, पण जरा गप्पच होती.

आजीच्या उत्साहाला कारण आहे. 1962 ते 1965 अशी तीन वर्षं आजोबांची बदली चंदेरीला होती. तेव्हा ते गाव गुना जिल्ह्यात होतं, आता अशोकनगरमध्ये येतं. ग्वाल्हेरहून दोनशेहून थोडे अधिक किलोमीटर. एके काळी शिंदे सरकारच्या संस्थानातलं गाव, त्यामुळे इथल्या मराठी घरांत चंदेरी साडी नसेल असं कपाट सापडणं कठीण. तर आपल्या गावावर सिनेमा म्हटल्यावर आजी घरी बसणार कशी?

गोष्ट थोडक्यात सांगतो. 2018च्या पहिल्या 'स्त्री'मध्ये चंदेरीत वर्षातले चार दिवस एक भूत येतं, ते रात्री पुरुषांना उचलून नेतं आणि मागे फक्त कपडे राहतात. म्हणून पुरुष अंधार पडल्यावर घराबाहेर पडत नाहीत, आणि भिंतीवर तिला उद्या यायची विनंती लिहून ठेवतात. दुसऱ्या भागात ती गेली आहे, भिंतीवरचं वाक्य बदलून तिलाच रक्षण करायची विनंती झाली आहे, आणि आता 'सरकटा' नावाचं मुंडकं नसलेलं भूत येतं. ते बायकांना नेतं, त्यातही जरा शिकलेल्या, स्वतःच्या मनाने वागणाऱ्या मुलींना. दिग्दर्शक दोन्ही वेळा अमर कौशिक. लेखक मात्र बदलले. पहिला राज आणि डीके यांनी लिहिला होता, दुसरा निरेन भट्ट यांनी.

ती भिंतीवरची विनंती मला नवी नव्हती. माझी पहिली नोकरी बंगळूरला होती. तिथे माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारा मित्र सांगायचा की नव्वदच्या दशकात त्यांच्या मोहल्ल्यात दारांवर 'नाळे बा' लिहिलेलं असायचं. कानडीत त्याचा अर्थ 'उद्या ये'. रात्री कुणा आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारणारी एक बाई येते, ती ते वाचून परत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, पुन्हा वाचते. भूत साक्षर आणि आज्ञाधारक! मला ती कल्पना तेव्हाही फार आवडली होती. बेळगावकडच्या वाचकांनी ही गोष्ट माझ्याआधी ऐकली असेल.

आता मतं.

पहिलं मत गाडीतच आलं, आत्याच्या नातवाचं. वय वर्षं बारा. त्याला सगळंच आवडलं, विशेषतः 'भेडिया'ची आणि सरकट्याची मारामारी. त्याला चारही सिनेमांचा क्रम पाठ आहे: 'स्त्री', 'भेडिया', 'मुंज्या', 'स्त्री 2'. कोण कुठल्या सिनेमात डोकावतो हे तो असं सांगत होता जसं आमच्या लहानपणी आम्ही रामायणातली नाती सांगायचो. सरकट्याचं काम करणारे सुनील कुमार हे जम्मूचे पोलीस शिपाई आहेत आणि सात फुटांहून उंच आहेत, हेही त्यानेच सांगितलं.

आत्याचं मत: "मला मुंज्याच बरा वाटला." जूनमध्ये आलेला आदित्य सरपोतदार यांचा तो सिनेमा तिने दोनदा पाहिला होता. "त्यातलं भूत माझ्या ओळखीचं होतं. मुंज झाल्यावर सोडमुंज होण्याआधी मुलगा गेला की मुंज्या होतो, पिंपळावर बसतो, हे मला माझ्या आजीने सांगितलंय. हा सरकटा मला कुणी सांगितला नव्हता." यावर कुणालाच वाद घालता आला नाही.

माझ्या बायकोची तक्रार वेगळी होती. तमन्ना भाटियाचं गाणं. "सिनेमा कशावर आहे, बायकांकडे कसं बघतात त्यावर. आणि मध्येच कॅमेरा स्वतःच तसं बघायला लागतो." काका म्हणाले, "गाणं चांगलं होतं पण." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघू लागले.

माझं मत मी इंजिनिअर म्हणून सांगितलं आणि त्याबद्दल सगळ्यांनी माझी टर उडवली. पण मला अजूनही ते पटतं. एखादं सॉफ्टवेअर लोकांना आवडलं की दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक जण आपली एक गोष्ट घालायला येतो. मार्केटिंगला एक बटण हवं असतं, साहेबांना एक. मूळ जी एक गोष्ट नीट चालत होती ती ढिगाखाली जाते. पहिल्या 'स्त्री'त एकच युक्ती होती: रात्री बाहेर पडायला बायका नव्हे, पुरुष घाबरतात, आणि बायकोच नवऱ्याला सांगते की सांभाळून जा. बस्स. तेवढ्यावर दोन तास हसू आणि भीती दोन्ही मिळाली. दुसऱ्यात अक्षय कुमार आहे, लांडगा आहे, उडणारं मुंडकं आहे, पुढच्या भागाची सोय आहे. पंकज त्रिपाठी आणि अभिषेक बॅनर्जी यांच्या विनोदांनी मी पोट धरून हसलो हे खरं, पण भ्यायलो कुठे ते आठवावं लागतं. अर्थात सुमारे सहाशे कोटींचा धंदा एकट्या भारतात करणाऱ्या सिनेमाला माझ्या या मताची गरज नाही.

भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग अवघडच असतो. आपल्या 'झपाटलेला'चं बघा. 1993चा पहिला, 2013चा दुसरा, तोही थ्री-डीत. तात्या विंचू तोच, रामदास पाध्येंचा, पण त्याच्यासमोर घाबरायला लक्ष्या नव्हता. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 सालीच गेले होते. भूत परत आणता येतं, घाबरणारा माणूस परत आणता येत नाही.

आजी इतका वेळ काही बोलली नव्हती. घरी येऊन पाय धुऊन बसल्यावर म्हणाली, "चंदेरीत शिंपी दाखवला. विणकर कुठे होते?" राजकुमार रावचा विकी शिंपी आहे, हे बरोबर. मागावर बसलेला माणूस मला तरी पडद्यावर दिसला नाही. आजी म्हणाली की त्या गावात सकाळी उठलं की आधी मागाचा आवाज यायचा, मग कोंबडा. मग तिने किल्ल्यावरचं जौहर स्मारक आठवलं. बाबराने 1528मध्ये चंदेरी घेतली तेव्हाचं. "तिथं बायकांचं भूत असायला वेगळी गोष्ट रचायची गरज नाही," असं म्हणून तिने वाटीतली कढी संपवली.

जेवताना काका म्हणाले, "एकंदर बरा होता हो सिनेमा. शेवटी त्या पुरुषांना चांगला धडा मिळाला."

इथे मला थोडं मागे जायला हवं. 9 ऑगस्टला कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या निवासी डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. 14 ऑगस्टच्या रात्री, म्हणजे ज्या रात्री देशभर 'स्त्री 2'चे पहिले खेळ लागले त्याच रात्री, कोलकात्यात हजारो बायका मध्यरात्री रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या शनिवारी सकाळी सहापासून चोवीस तास देशभरातल्या डॉक्टरांनी काम बंद ठेवलं होतं. आमची बहीणही त्यात होती. आणि गेला आठवडाभर काका तिला रोज फोन करून एकच सांगत होते: सीनिअरना सांग, रात्रपाळी नको म्हणून. नाही ऐकलं तर रजा टाक. त्याहून जास्त झालं तर घरी ये, वर्ष गेलं तर गेलं.

सिनेमात एक टप्पा येतो. गावातले पुरुष सरकट्याच्या अमलाखाली जातात, त्यांचं डोकं त्यांचं राहत नाही. मग ते मुलींना घराबाहेर पडू देत नाहीत, शिकायलाही नाही.

बहीण पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "बाबा, मला सरकट्याची भीती नाही वाटली. ते दारं लावतात तिथे वाटली."

काका म्हणाले, "अगं, ते झपाटलेले होते."

"हो. तुमचे डोळे पांढरे झालेले नाहीत, तेवढाच फरक आहे."

कुणीच काही बोललं नाही. काका उठले नाहीत, पण जेवणंही थांबलं. त्यांचा चेहरा मला बघवेना, कारण ते काही सिनेमातले पुरुष नाहीत. मुलीला डॉक्टर करायला स्वतःचा प्लॉट विकलेला माणूस आहे तो. आणि तिचंही चूक नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर मला कुणी रजा टाक म्हणालं असतं का? मी रात्री दोनला सर्व्हर पडला म्हणून ऑफिसला गेलोय, आणि घरून फक्त "जेवून जा" एवढंच ऐकलंय.

शेवटी आजी बोलली. काकांना म्हणाली, "तू चंदेरीलाच झालास. 1963च्या पावसाळ्यात. रात्री अडीच वाजता मला कळा सुटल्या, वीज नाही, तुझे वडील दौऱ्यावर. शेजारचा मुलगा धावत गेला आणि नर्सबाई आल्या. पंचविशीतली पोर असेल, हातात कंदील. मुलगा पुढे, ती मागे, चिखलातून. तुझ्या गळ्याभोवती नाळ होती." मग काकूंकडे वळून म्हणाली, "थोडा भात वाढ गं."

ही गोष्ट आमच्यापैकी कुणीच ऐकलेली नव्हती. काकांनीसुद्धा नाही. त्या नर्सबाईंचं नाव काय, हे आत्याने विचारलं. आजीला आठवेना. तिला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी राखी झाली. रात्री बहिणीची आपत्कालीन विभागात पाळी होती. काका म्हणाले, "मी सोडतो." ती नको म्हणाली नाही. मी मागच्या सीटवर बसलो. दारावर सोडून परत यायचं ठरलं होतं, पण काका थेट तिच्याबरोबर वर गेले आणि निवासी डॉक्टर रात्री जिथे तासभर पाठ टेकतात ती खोली पाहून आले. खाली आल्यावर गाडी सुरू न करता थोडा वेळ तसेच बसले.

"दाराला कडीच नाही रे," ते म्हणाले. "कागदाची घडी घालून दार दाबून ठेवतात पोरी."

मंगळवारी सकाळी बाड्यावरची दुकानं उघडायच्या आधीच ते शटरसमोर उभे होते. पितळेची कडी, सहा स्क्रू आणि एक पेचकस घेऊन ते रुग्णालयात गेले. बहिणीचा मला मेसेज आला: "बाबा इथे दार दुरुस्त करतायत. परवानगी घेतलेली नाही. वॉर्डबॉय टॉर्च धरून उभा आहे." सोबत एक फोटो होता. काका गुडघ्यावर बसलेले, तोंडात दोन स्क्रू, आणि कडी आतल्या बाजूने.