नाथसागराच्या पायथ्याशी उलटं फिरणारं यंत्र

संपादकांनी पैठणला पाठवलं होतं ते तरंगत्या सौर प्रकल्पासाठी. नाथसागरावर पॅनेलं अंथरून हजार मेगावॅटच्या वर वीज काढायची, अशी चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. टीएचडीसी ही सरकारी कंपनी त्यासाठी पुढे आली, मच्छीमारांनी विरोध केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एका लेखाला एवढा ऐवज पुरेसा होता. पण धरणाची माहिती चाळताना माझं बोट दुसरीकडेच अडलं. धरणाच्या पायथ्याशी 1984 सालापासून एक छोटं जलविद्युत केंद्र आहे. एकच संच, 12 मेगावॅट. आणि हा संच उलटाही फिरू शकतो, म्हणजे खाली गेलेलं पाणी पुन्हा धरणात चढवू शकतो.

पैठणकरांना या केंद्राची ओळख एका आकड्याने आहे. पावसाळ्यात धरण भरत आलं की स्थानिक बातम्यांत ठरलेलं वाक्य येतं: जलविद्युत केंद्रातून 1589 क्युसेकने विसर्ग सुरू. त्यानंतर दरवाजे उघडतात, सत्तावीस दरवाज्यांचे फोटो झळकतात, गर्दी लोटते आणि 1589 मागे पडतो. पूर पाहायला आलेल्या माणसाला या आकड्याचं काही अप्रूप नसतं, ते बरोबरच आहे. ऑगस्ट 2006 च्या पुरात याच धरणातून अडीच लाख क्युसेक सोडावे लागले होते.

मला मात्र तो आकडा सोडवेना. 1589 क्युसेक म्हणजे सेकंदाला 45 घनमीटर, 45 हजार लिटर. तासभर यंत्र पूर्ण जोरात चाललं तर 12 हजार युनिट वीज मिळते आणि 1 लाख 62 हजार घनमीटर पाणी खाली जातं. भागाकार केला की एका युनिटला साडेतेरा हजार लिटर पाणी येतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात वाडीवस्तीवर जो दहा-बारा हजार लिटरचा टँकर येतो, त्याहून जास्त पाणी एका युनिटला लागतं. एका युनिटात कपड्यांची इस्त्री तासभर चालते. इथे पाण्याला उंचीच कमी मिळते, तीसेक मीटर. घाटघरच्या अशाच जलविद्युत केंद्रात वरचं आणि खालचं पाणी यांत चारशे मीटरच्या वर अंतर आहे, त्यामुळे तिथला टँकर इथल्यापेक्षा दहापटीहून जास्त वीज देतो.

धरणाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 मध्ये, लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते 1976 मध्ये. सुमारे दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, 102 टीएमसी साठा, त्यातला सुमारे 76 टीएमसी उपयुक्त. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. शंभरावर गावांना याची झळ बसली. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. धरणाची जागा पैठणला सरकली, पण कागदावरचं नाव तसंच राहिलं. पैठणकर पातळी अजून फुटांत मोजतात. 1522 फूट झाले की धरण भरलं. आज किती, असं चहाच्या टपरीवर विचारलं तर उत्तर फुटांतच मिळतं, कधी पॉइंटासकट.

आता यंत्राकडे. सरळ चालीत गोष्ट सोपी आहे. धरणातलं पाणी मोठ्या नळातून खाली येतं, शंखासारख्या वळत्या नळीत शिरतं, सभोवारच्या पात्यांमधून वाट काढत मधल्या चक्रावर, रनरवर, आदळतं. ती पाती उघडझाप करतात. पाणी किती आत घ्यायचं ते त्यांच्या हातात. रनर फिरतो, त्याच्या दांड्यावर वर बसवलेलं जनित्र फिरतं. उलट चालीत तेच जनित्र मोटर होतं. ते ग्रिडमधून वीज घेतं, रनर विरुद्ध दिशेला फिरवतं, आणि खालच्या बंधाऱ्यात साठलेलं पाणी त्याच नळाने धरणात वर चढतं. नळ तोच, रनर तोच, दांडा तोच. गोदेचं पाणी वर वाहून नेणं पैठणला नवं नाही, श्रीखंड्याने संत एकनाथांच्या घरी तेच केलं. पण त्याने हिशेब ठेवला नव्हता. इथे हिशेब ठेवावा लागतो, कारण व्यवहार तोट्याचा आहे. पाणी चढवायला शंभर युनिट घातले, तर तेच पाणी खाली सोडून सत्तर-ऐंशी परत मिळतात.

तोट्याचा व्यवहार करायचा कशासाठी? वीज आहे तशी साठवता येत नाही, पाणी साठवता येतं. नको असलेल्या वेळी वीज स्वस्त असते, हवी असते तेव्हा महाग. 1984 मध्ये नको असलेली वेळ रात्रीची होती. कोळशाची केंद्रं रात्री विझवता येत नाहीत, मागणी मात्र झोपलेली. त्या विजेने पाणी चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. कल्पना चोख होती. महाराष्ट्राने पुढे तिची पंचाईत केली. वीज कमी पडू लागली, भारनियमन आलं, खेड्यांत दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. शिल्लक वीजच नाही, तर पाणी चढवायचं कशाने? उलटं फिरता येणारं यंत्र सरळच फिरवावं, असेच ते दिवस होते.

मशीन ग्रिडला जोडतात तो क्षण पाहण्यासारखा असतो. जुन्या पद्धतीच्या केंद्रात पॅनेलवर घड्याळासारखी एक तबकडी असते, सिंक्रोस्कोप. तिला एकच काटा. मशीनचा वेग ग्रिडपेक्षा जास्त असला की काटा एका दिशेने फिरतो, कमी असला की उलट. ऑपरेटर पाती किंचित उघडतो, किंचित मिटतो, काट्याचा वेग मंदावत आणतो. काटा सावकाश वर सरकत बाराच्या ठोक्याला येतो न येतो तोच ब्रेकर टाकायचा. घाई झाली तर दांड्याला असा हिसका बसतो की इमारतीला कळावं. नीट बसला की काटा जागच्या जागी थांबतो. त्यानंतर पैठणचं हे छोटं चक्र कोराडीच्या, कोयनेच्या आणि थेट तामिळनाडूतल्या जनित्रांच्या तालात फिरू लागतं. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेसकट सगळा देश एका तालावर आला. ताल सेकंदाला 50 आवर्तनांचा. तो 49.90 ते 50.05 यांच्यात राहिला पाहिजे, असा दंडक आहे.

तो ताल कोण धरून ठेवतं? हजारो टनांची फिरती लोखंडी चक्रं. कुठे एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं, तर या चक्रांच्या अंगात साठलेला जोर पहिले काही सेकंद ओढून नेतो आणि तेवढ्यात बाकीच्यांना सावरायला वेळ मिळतो. सौर पॅनेलात फिरणारं काहीच नाही. ऊन पडलं की वीज, ढग आला की नाही. त्यात पॅनेलचा दोष नाही, ती त्याची प्रकृती आहे. पण ज्या ग्रिडमध्ये ही वीज ओतायची, ते वीज मंडळाने साठच्या, सत्तरच्या दशकात एका गृहीतावर उभं केलं: वीज मोठ्या केंद्रातून निघते आणि उतरत उतरत शेताच्या टोकाला पोहोचते.

हे गृहीत आता आपल्याच जिल्ह्यात मोडतंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला. तीन मेगावॅट. शेतीच्या फिडरला जवळच्या उपकेंद्रातून दिवसा सौर वीज. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेलेल्या, बांधावर साप-विंचवाला घाबरलेल्या माणसाला याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. मला ही योजना मनापासून पटते. पण तिच्या पोटात एक अडचण आहे. दुपारी मोटरी बंद असल्या, पाऊस झालेला असला, आणि ऊन मात्र कडक, तर वीज शेताकडे न जाता उपकेंद्राकडे उलटी चढू लागते. व्होल्टेज वाढतं. जी संरक्षक यंत्रणा एकाच दिशेचा प्रवाह धरून बसवली, तिला हे नवं. तार तीच, खांब तेच, डीपी तीच. डीपी जळाली की गावकरी वायरमनला फोन करतात, ज्याला महावितरण आता जनमित्र म्हणतं. दुपारी वीज जास्त झाली, हे मात्र त्यालाही अजून सवयीचं नाही.

मोठ्या पातळीवरही तसंच. पैठण तालुक्यातच एकतुनीला महापारेषणचं 765 केव्हीचं उपकेंद्र आहे. विदर्भातल्या कोळशाच्या केंद्रांची वीज या मार्गाने पश्चिमेकडे येते. दुपारी सौर वीज भरून आली की या कोळशाच्या केंद्रांना उतरायला सांगतात. ती 55 टक्क्यांपर्यंत उतरतात, त्याखाली जळणच नीट धरत नाही. पाचनंतर सूर्य कलतो, त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही लागतात आणि सगळ्यांना एकदम चढायला सांगितलं जातं. कोळशाचा बॉयलर सावकाश चढतो. पाण्यावरचं केंद्र मिनिटांत चढतं. म्हणून संध्याकाळी राज्य कोयनेकडे बघतं, तिच्या 1960 मेगावॅटकडे. उद्योगांच्या बिलातही हे उतरलंय: उन्हाच्या तासांत सवलत, संध्याकाळी अधिभार. पूर्वी रात्र स्वस्त होती, आता दुपार स्वस्त झाली.

म्हणजे 1984 च्या यंत्राला आज शिल्लक वीज मिळू शकते, फक्त तिची वेळ बदलली. आणि ही वीज त्याच्या डोक्यावर, त्याच जलाशयात तरंगणाऱ्या पॅनेलांवर तयार व्हावी, असा बेत आहे. जुळणी कागदावर इतकी सुरेख दिसते की मी वहीत बाण काढून मोकळा झालो होतो. मग आकडे मांडले.

हजार मेगावॅट सौर वीज दुपारचे पाच तास साठवायची म्हटलं तर तीस मीटर उंचीवर सुमारे 50 दशलक्ष घनमीटर (दलघमी) पाणी चढवावं लागेल, तेही रोज. एवढं पाणी आधी खाली साठलेलं हवं. धरणाखालचे बंधारे, चनकवाडी, आपेगाव, हिरडपुरी, शेती आणि प्यायच्या पाण्यासाठी आहेत, एवढ्या मोठ्या खेळासाठी ते नाहीत. आपलं 12 मेगावॅटचं यंत्र संध्याकाळी सहा तास चाललं तर एक दलघमीच्या आत पाणी वापरतं. भरलेल्या नाथसागरावरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडालं तरी पावणेदोन दलघमी जातं. पॅनेलांनी सावली धरली तर बाष्पीभवन काही अंशी वाचेल, हा तरंगत्या प्रकल्पाच्या बाजूचा खरा मुद्दा. पण साठवणुकीसाठी राज्याला उंच घाट शोधावे लागणार, आणि डिसेंबर 2023 च्या उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवण्याच्या) धोरणानंतर शोध सह्याद्रीतच चालू आहे.

पाण्याची मालकी हा पुढचा पेच. यंत्राचं स्वतःचं पाणी नाही. आधी पिण्याचं, मग शेती-उद्योगाचं. वीज हे त्या पाण्याच्या वाटेतलं उपउत्पादन. खालच्या बंधाऱ्यांसाठी नदीत पाणी सोडायचं ठरलं की केंद्र चालतं. वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणं आहेत, आणि 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं की नाही यावर दर दुष्काळी वर्षी वाद आणि कोर्टकचेरी होते. 2015-16 सारख्या वर्षात नाथसागर मृतसाठ्यात गेला. तेव्हा टर्बाइनचा विषय कोणी काढत नाही. तशा वर्षी पॅनेलं पाण्यावर असतील की चिखलावर, हा प्रश्न मी विचारला की अभियंते नांगर आणि दोर समजावतात. दोर लांब-आखूड करता येतो हे खरं, पण पाणी मागे सरकतं तेव्हा मैलोन्‌मैल सरकतं. हा जलाशय उथळ आहे.

उथळ आहे म्हणूनच पक्षी येतात. 1986 पासून हे अभयारण्य आहे, 2017 मध्ये भोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. मच्छीमारांची कहार समाज पंच कमिटी तरंगत्या प्रकल्पाविरुद्ध हरित लवादात गेली, 2024 मध्ये तिथे हरली, 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दखल घ्यायला नकार दिला. नियमांत अपारंपरिक ऊर्जेला संवेदनशील क्षेत्रात प्रोत्साहनच आहे, त्यामुळे कायदा स्पष्ट आहे. पण पाण्याखाली जमीन गेली म्हणून जाळं धरलेल्या घराला आता पाण्याचा पृष्ठभागही वाटून दिला जातोय, आणि जाळं टाकायला कोणता भाग मोकळा राहील हे त्याला आराखडा पक्का होण्याआधी कळायला हवं. निकालाने ते काम झालेलं नाही.

शिवाय वीज तयार होऊन भागत नाही. संभाजीनगर शहराचं पाणी इथूनच उपसून शंभरावर मीटर चढवलं जातं. उपशाची वीज गेली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलला. धरणाशेजारचा पंप ग्रिडच्या एका बिघाडाने थांबतो. त्याला हजार मेगावॅट नकोत, एक भरवशाची वाहिनी हवी.

पायथ्याच्या यंत्राचंही वय झालंय. जलविद्युत केंद्राचं आयुष्य नियामक 40 वर्षं धरतात; 1984 मध्ये 40 मिळवा. नूतनीकरण आज ना उद्या करावं लागेल, आणि तेव्हा फाईलवर एक साधा पर्याय येणार: उलट चाल सोडून द्या, साधा रनर बसवा. तो स्वस्त असतो, सरळ चालीत थोडी जास्त वीजही देतो, आणि मागच्या चाळीस वर्षांचा ताळेबंद पाहून कोणताही हिशेबनीस त्यावरच सही करेल. माझं मत विरुद्ध आहे. 12 मेगावॅटने राज्याची संध्याकाळ भागणार नाही हे वरच्या आकड्यांतच आलं. पण सह्याद्रीत हजारो मेगावॅटची उलटी यंत्रं बसवायला निघालेल्या राज्याकडे ती चालवणारी, काटा बाराला आणणारी माणसं किती आहेत? अशी यंत्रं आहेत ती घाटघर, भिरा, उजनी आणि पैठणला. ही यादी इथेच संपते.