सागरगोटा : खेळातला आणि औषधातला



सागरगोटे खेळलेल्या आपल्यापैकी किती जणांनी त्याचं झुडूप पाहिलं आहे? राखाडी, गुळगुळीत बी सगळ्यांना माहीत, पण ती येते कुठून असं वर्गात विचारलं की मुलं म्हणतात, "समुद्रातून!" हे उत्तर अगदीच चूक नाही. या बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. ती समुद्रात तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते आणि तिथे रुजते. म्हणूनच जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर हे झुडूप सापडतं.

आपल्याकडे कोकणात आणि शेताच्या कुंपणाला ते दिसतं. पान गुलमोहरासारखं, फुलं पिवळी, आणि काटे मात्र सगळीकडे! फांदीवर, पानाच्या देठावर उलटे, आकड्यासारखे, शेंगसुद्धा काटेरी. शेंगेत एक-दोनच बिया. काही भागांत यालाच गजगा म्हणतात. आयुर्वेदात नावं आहेत लताकरंज आणि कुबेराक्ष, म्हणजे कुबेराचा डोळा.

औषधात मुख्यतः बीमधला कडू गर वापरतात. बी भाजून, फोडून, गराची पूड करतात. पोटदुखी, जंत आणि ताप यांवर ती सांगितली आहे. बाळगुटीतही सागरगोटा उगाळतात. इंग्रजीत तर याचं एक नावच 'फीवर नट', तापाची बी! १८६८ साली सरकारी 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'मध्येही ही बी घेतली गेली होती.

इथे एक शब्द नीट समजून घ्या. आयुर्वेदाच्या पुस्तकात 'सागरगोटा विषमज्वरावर उपयुक्त' असं वाचायला मिळतं. तिथे विषमज्वर म्हणजे ठरावीक दिवसांनी उलटून येणारा, थंडी वाजून येणारा ताप, साधारण आपला हिवताप. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र विषमज्वर म्हणजे टायफॉइड! शब्द एक, आजार दोन. एक डासामुळे होतो, दुसरा दूषित पाण्या-अन्नातून. पाठ शिकवणाऱ्याचा गोंधळ झाला तर फळ्यावर चूक होईल एवढंच, पण घरी पूड देणाऱ्याचा झाला तर मूल चार दिवस चुकीच्या औषधावर राहील. आणि दोन्ही तापांत हे चार दिवस महाग पडतात. त्यामुळे पावसाळ्यात मुलाला थंडी वाजून ताप आला की आधी रक्त तपासा. हिवतापाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. पूड द्यायचीच असेल तर वैद्यांना विचारून. तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईचं दूधच, गुटीसुद्धा नको.

वर्गासाठी मात्र सागरगोटा हवाच. बी फरशीवर जोरात घासायला सांगा, चांगली तापते. चटका देण्याचा खेळ मुलांना ठाऊकच असतो, त्यातून घर्षणाचा पाठ निघतो. बी पेरायची असेल तर आधी कवच थोडं घासून पातळ करा, नाहीतर ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. शेंगा आपणच चिमट्याने काढाव्यात. लहान मुलं बी तोंडात घालतात, पहिली-दुसरीच्या वर्गात खेळ झाल्यावर बिया मोजून परत घ्या.