चॉकलेट महागलं, शेतकऱ्याला किती मिळालं?

कोकोचं फळ फोडलं की सीताफळासारख्या पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या बिया दिसतात. केळीच्या पानांखाली त्या पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. चॉकलेटचा स्वाद इथेच घडायला लागतो. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना इथल्या छोट्या शेतांतून येतो.

पण भाव ठरतो लंडन-न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात. पीक घटल्यामुळे 2024मध्ये न्यूयॉर्कला टनाचा भाव दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि आपल्याकडेही चॉकलेट महागलं. त्या वाढीतला थोडाच वाटा शेतकऱ्याच्या हाती पडला. कारण हे देश हंगामाआधीच बरंचसं पीक विकून ठेवतात आणि त्या सौद्यांवरून सरकार शेतकऱ्याचा दर बांधून देतं. भाव कोसळला तर हीच व्यवस्था त्याला सावरते. चढला की आडवी येते. त्यातच दळणं, साच्यात ओतणं, वेष्टन, जाहिरात हे कमाईचे टप्पे बहुतांशी परदेशात पार पडतात. मला खरा अन्याय इथे दिसतो.

2019मध्ये दोन्ही देशांनी मिळून टनामागे 400 डॉलरचा जादा आकार जाहीर केला. बड्या खरेदीदारांनी दर्जासाठी मिळणारी वेगळी रक्कम कमी करून घेतली आणि त्याचा जोर ओसरला.

मग ग्राहकाच्या हाती काय? ‘फेअरट्रेड’चा शिक्का असेल तर किमान भावाची हमी असते, शिवाय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला वेगळी रक्कम मिळते. तो शिक्का जरूर शोधावा. मात्र या संस्थांचा सगळा माल त्या अटींवर खपत नाही. उरलेला नेहमीच्याच भावाने जातो. मागणी वाढली, तरच हा उरलेला ढीग कमी होतो.