‘इंटरप्ट’चा पत्ता कसा चालतो?



वसतिगृहातल्या मुलांसाठी एका स्नेह्यांनी ‘रिडेम्प्शन’ या पवित्र शास्त्रावर आधारलेल्या खेळाचे पत्ते दिले आहेत. रॉब अँडरसन यांनी तयार केलेला हा खेळ १९९५ साली अमेरिकेत निघाला. पत्ते म्हटले की आपल्याकडची वडील मंडळी दचकतात, पण यात पैसा लावायचा नसतो. आपल्या वीरांना रणात पाठवून पाच हरवलेले आत्मे जो आधी सोडवील तो जिंकला.

अडचण वेगळीच निघाली. पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे ज्याला इंग्रजी वाचता येते त्याचेच खरे ठरू लागले. वाडीवरून आलेल्या एका लहान कातकरी मुलाचा दावीद मोठ्या मुलाने “बाद!” म्हणून उचलून नेला. लहानग्याच्या हातात ‘इंटरप्ट’चा पत्ता होता. पाळी गेली असे वाटून तो गप्प बसला.

त्याची पाळी गेली नव्हती. समोरच्याच्या पत्त्यामुळे आपला वीर रणातून जाणार असेल, तर तो जाण्याआधी उत्तर द्यायची खास संधी नियमानेच मिळते. मात्र त्या वेळी टाकायचा पत्ता इंटरप्ट करणारा किंवा रद्द करणारा हवा, आणि त्याचा रंग वीराच्या रंगाशी जुळायला हवा.

या दोन शब्दांतच खरा घोळ आहे. पावसाळ्यात दरड आली की कोकण रेल्वेची गाडी रत्नागिरीला थांबवून ठेवतात. ती रद्द झालेली नसते, रूळ मोकळा झाला की पुढे निघते. इंटरप्ट म्हणजे असे थांबवणे. समोरच्याचा वार थांबतो, आपल्या पत्त्यावरचे उरलेले काम होते, आणि मग तो थांबलेला वार पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात आपण गल्याथालाच रणातून काढले असेल, तर त्याच्यावर टाकलेला वार पुरा व्हायला जागाच उरत नाही आणि दावीद वाचतो. पण नुसते दोन पत्ते ओढून घेतले आणि कामाचे काही हाती लागले नाही, तर वार बसतोच. मुले इथेच रडतात. ‘रद्द’चा पत्ता असेल, तर गाडीच सुटत नाही.

दोन पत्त्यांमागे घडून गेलेला वार मात्र आता थांबवता येत नाही. संधी शेवटच्या पत्त्यालाच. (संरक्षणासारखा परिणाम लढाईभर चालू असेल, तर गोष्ट निराळी.) आणि ‘इंटरप्ट करता येणार नाही’ असे पत्त्यावरच छापलेले असेल, तर वाद घालू नये.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पाने असतात. तिथे खाली टाकलेले पान टाकलेच, मध्ये कोणी अडवायचे नाही. आपल्या साध्या पत्त्यांतही तसेच. म्हणून मुलांना हा नियम नवा वाटतो.

आता इंटरप्टच्या प्रत्येक पत्त्याच्या पाकिटावर मराठीत ‘थांब’ अशी चिठ्ठी लावली आहे. गेल्या शनिवारी त्या लहानग्याने ती दोनदा वाचली, मग पत्ता टाकला. मोठ्याला दावीद परत द्यावा लागला.