उष्णतेचा जमाखर्च : पातळ लॅपटॉपांची सोळा वर्षे

सन २००८ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को येथील भर सभेत स्टीव्ह जॉब्ज यांनी दप्तरी कागदांच्या साध्या लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हा त्या यंत्राचा जो गुण होता तो शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासही तत्क्षणी दिसला. जो दोष होता तो मात्र बराच वेळ सलग काम केल्यावाचून कोणासही दिसण्यासारखा नव्हता. पातळ व हलक्या लॅपटॉपांचा पुढचा इतिहास याच विषमतेतून घडला आहे, असे मला वाटते. जाडी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत जाहीर होत राहिली, वजन ग्रॅमांत नमूद झाले. परंतु आतील प्रोसेसर दीर्घकाळ किती वॅट शक्तीवर चालू शकतो, हा तपशील ठळकपणे देण्याची वहिवाट आजतागायत पडलेली नाही.

त्या पहिल्या एअरची जाडी जास्तीत जास्त १९.४ मिलिमीटर आणि वजन १.३६ किलोग्रॅम होते. त्यासाठी इंटेलने कोअर २ ड्युओ प्रोसेसरचे वेष्टण मुद्दाम लहान करून दिले. पण वेष्टण आक्रसले म्हणून उष्णता आक्रसत नाही, आणि व्हिडिओ पाहता पाहता दोनपैकी एक कोअर बंद पडतो अशा तक्रारी लवकरच उमटल्या. काळही अनुकूल नव्हता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी तेवढ्याच क्षेत्रफळामागे लागणारी शक्ती वाढत नाही, हा आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेला नियम जवळजवळ तीस वर्षे या उद्योगाचा आधार होता. २००४ च्या सुमारास तो ढासळू लागला, आणि त्याच वर्षी पेंटियम ४ च्या मागून येणारा नियोजित प्रोसेसर इंटेलला रद्द करावा लागला. म्हणजे पातळपणाची हौस सुरू झाली ती नेमकी हा आधार सुटल्यानंतर.

यामागचे गणित फार दुर्बोध नाही. प्रोसेसरला लागणारी शक्ती ही वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढते, आणि वारंवारता वाढवावयाची तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. त्यामुळे वेगाचा शेवटचा पंधरा-वीस टक्के भाग अवाजवी महाग पडतो. ही सारी शक्ती अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर काढावी लागते, आणि त्या कामी असते ती तांब्याची चपटी नळी. तिच्यातील अत्यल्प द्रव तप्त टोकाशी वाफ होऊन धावतो, थंड टोकाशी पुन्हा द्रवरूप होतो आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून आपोआप परत येतो. १९६३ साली लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी सिद्ध केलेली ही नळी अंतराळातील उपयोग डोळ्यांपुढे ठेवून जन्मली होती. तिचे भाग्य असे, की ती शेवटी आपल्या मांडीवर येऊन विसावली. मात्र ती जितकी अधिक चपटी करावी तितकी तिची वहनक्षमता घटते, आणि शेजारच्या पंख्याची पाती जितकी बुटकी करावीत तितका तेवढ्याच वाऱ्यासाठी तो अधिक वेगाने, अर्थात अधिक कर्कशपणे, फिरवावा लागतो.

२०११ साली तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने 'अल्ट्राबुक' या वर्गाची घोषणा केली, त्यासाठी तीस कोटी डॉलरांचा निधी उभारला, आणि १७ वॅटचे प्रोसेसर या वर्गाचे प्रमाण ठरले. २०१३ मध्ये ते १५ वॅटवर आले. पण वाचकाने येथे सावध असावे. हे १५ वॅट म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. ती केवळ सलग कामाची सरासरी मर्यादा होय. टर्बोच्या नावाखाली प्रोसेसर काही काळ, इंटेलच्या प्रचलित नेमणुकीत सुमारे २८ सेकंदांपर्यंत, तिच्याहून पुष्कळ अधिक शक्ती घेऊ शकतो. पगारापूर्वीच्या उचलीसारखी ही सवलत असते, आणि मुदत संपताच वेग खाली येतो. शिवाय दोन्ही मर्यादा आपल्या सांगाड्याच्या मगदुराप्रमाणे ठरविण्याचा अधिकार लॅपटॉप बनविणाऱ्यास असतो. सबब एकाच नावाचा प्रोसेसर एका यंत्रात १५ वॅटवर, दुसऱ्यात २५ वॅटवर चालतो, आणि डबीवरील चिठ्ठी मात्र दोन्हीकडे अक्षरशः एकच असते.

२०१४ च्या अखेरीस आलेल्या ४.५ वॅटच्या कोअर एम प्रोसेसरांनी तर या चिठ्ठीची अब्रूच घेतली. असूसच्या पंखाविरहित यूएक्स३०५ मधील स्वस्त ५वाय१० हा दीर्घ चाचण्यांत लेनोव्होच्या योगा ३ प्रो मधील महागड्या ५वाय७० च्या पुढे गेल्याचे परीक्षकांना आढळले. कारण इतकेच, की असूसने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला उष्णता झिरपवण्यास अधिक वाव दिला होता. २०१५ चा बारा इंची मॅकबुक याच कुळातला. अवघ्या ९२० ग्रॅम वजनाचे हे देखणे यंत्र २०१९ मध्ये विक्रीतून काढले गेले.

पुढे २०१७ मध्ये आय५-८२५०यू आला आणि १५ वॅटच्या त्याच मर्यादेत दोनाऐवजी चार कोअर मिळाले. पण आधीच्या आय५-७२००यू ची मूळ वारंवारता २.५ गिगाहर्ट्‌झ होती, ती येथे १.६ वर आली, हे जाहिरातीत कोणी सांगितले नाही. २०१८ च्या जुलैत तर सहा कोअरांचा आय९ प्रोसेसर असलेला पंधरा इंची मॅकबुक प्रो जड कामात आपल्या २.९ गिगाहर्ट्‌झ या मूळ वारंवारतेच्याही खाली घसरतो, असे दिसून आले. उष्णतेचा बंदोबस्त पाहणाऱ्या फर्मवेअरमध्ये एक डिजिटल चावी राहून गेल्याची कैफियत देऊन ॲपलने काही दिवसांतच दुरुस्ती धाडली. त्याच सुमारास निघालेल्या रेटिना एअरमध्ये पंखा एकीकडे, प्रोसेसरवरील धातूचा तुकडा दुसरीकडे, आणि दोहोंना जोडणारी तांब्याची नळीच नाही, अशी अजब रचना होती. तिचे समर्थन मला आजही सुचत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये मात्र अनायासे एक निर्दोष प्रयोग घडला. ॲपलचा ५ नॅनोमीटरचा एम१ प्रोसेसर पंखा नसलेल्या एअरमध्ये आणि पंखा असलेल्या तेरा इंची प्रोमध्ये एकदमच आला. अल्पकाळच्या कामात दोघे तुल्यबळ ठरले. सर्व कोअरांवर सलग भार टाकला असता काही मिनिटांनी एअर मागे पडू लागला, पण तो मागे पडूनही आदल्या इंटेल एअरच्या पुष्कळ पुढे राहिला. काही हौशी मंडळींनी आतील धातूपट्टी आणि तळाचे झाकण यांमध्ये उष्णतावाहक पॅड बसवून ही घसरणही थांबविली. उष्णता अर्थातच नाहीशी झाली नाही, ती मांडीकडे वळली. येथे शीतकरणात कोणताही शोध नव्हता. वारंवारता ३.२ गिगाहर्ट्‌झवर ठेवून प्रत्येक आवर्तनात अधिक काम उरकणारे रुंद कोअर, एवढेच त्याचे इंगित होते. त्याच वर्षी एएमडीने १५ वॅटच्या वर्गात आठ कोअरांचे रायझन आणले.

इंटेलचे उत्तर प्रथम उलट्या दिशेने गेले. २०२२ च्या तिच्या पी मालिकेतील २८ वॅटचे प्रोसेसर क्षणभर ६४ वॅटपर्यंत जात, आणि पातळ सांगाड्यात त्याचे फळ म्हणजे पंख्याचा गोंगाट. २०२४ मध्ये स्मृती प्रोसेसरशेजारीच बसविलेली १७ वॅटची लूनर लेक मालिका आली, आणि त्याच वर्षी क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एक्स एलिटही.

या साऱ्या तुलना सामान्यतः थंड खोल्यांत होतात. प्रोसेसरची सहनमर्यादा सुमारे १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत उष्णता बाहेर जाण्यास ७५ अंशांचा उतार मिळतो. नागपूर, अकोला वा चंद्रपूर येथील मे महिन्यातील ४५ अंशांत तो ५५ वर येतो. ज्या सांगाड्यातून तेथे २० वॅट निघतात, त्यातून येथे स्थूलमानाने पंधराच निघतील. ॲपल आपल्या लॅपटॉपांसाठी ३५ अंशांपर्यंतचेच वातावरण विहित करते, म्हणजे विदर्भाचा उन्हाळा तिच्या दप्तरी जमेसच नाही. म्हणून घेणाऱ्याने प्रोसेसरचे नाव मागाहून विचारावे. आधी दुकानातील यंत्रावर सर्व कोअरांना भार देणारी चाचणी अर्धा तास सलग चालवून शेवटच्या पाच मिनिटांतील वेग पाहावा, आणि शक्य असेल तर ही खरेदी मे महिन्यात करावी.